माश्यांच्या वाट्याची साखर

"साबणाचा हा तुकडा बघा. ह्यानं मी अंग धुवायचं, की मीच ह्याला धुऊन काढायचं?"

न्हाणीच्या फळकुटाच्या दाराआडून सासू पुटपुटत होती. बोलणं कुणालाच उद्देशून नव्हतं, म्हणजे ते थोरल्या सुनेलाच उद्देशून होतं. थोरली दारापासून हातभर अंतरावर भांडी घासत बसली होती. तिनं घासणी जोरात फिरवायला सुरुवात केली. ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा राहिली म्हणजे बरं असतं.

साबणाच्या वडीचे दोऱ्यानं चार तुकडे करायचे आणि एका वेळी एकच बाहेर काढायचा, हा तिचाच शोध. आख्खी वडी ओली राहून विरघळून जाते, तुकडा माणूस पुरवून वापरतो. रेडिओवर एक बाई दर मंगळवारी दुपारी असलं काहीबाही सांगायची. मोठा खर्च आपण दहादा विचार करून करतो, बुडवतात ते बारीक खर्च, असं तिचं म्हणणं. आवाज गोड होता बाईचा. तिच्या घरी मधमाश्या असाव्यात असं मात्र कधी वाटलं नाही.

ह्या घरी बावीस पेट्या होत्या. घरामागं, शेजारच्या फळबागेच्या कुंपणालगत, पत्र्याच्या लांबट छपराखाली ओळीनं मांडलेल्या. सासऱ्यांनी तरुणपणी दोन पेट्यांवर सुरुवात केली आणि गावात त्यांना माशीवाले बाबा हेच नाव पडलं. आता बाबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पिकले होते. माणूस ते चपलेच्या आवाजावरून ओळखत आणि पेटी बोटाच्या पेरानं वाजवून. टकटक केलं की आतून जो गुंजारव उठे त्यावरून सांगत, हिच्यात राणी आहे, हिच्यात नाही, ही तृप्त आहे, हिला भूक लागलीय. थोरलीचा चेहरा त्यांनी चार वर्षांत नीट पाहिला नव्हता.

शस्त्रक्रियेची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली होती. धाकट्या मुलानं शहरातून कळवलं, अर्धे मी देतो. मग कळवलं, बघतो. मग काहीच कळवलं नाही. त्यात यंदा पाऊस येऊन बसला तो उठायचं नावच घेईना. फुलोरा झडून चिखलात गेला, मध निघाला तो दरवर्षीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. नवऱ्यानं हात वर केले. "पुढच्या वर्षी करू," म्हणाला. बाबा ओसरीवर बसले होते. ते "करू की" म्हणाले आणि काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या मांडीवरच होती.

त्या दिवशी थोरलीनं मनाशी ठरवलं, ह्याच वर्षी.

मग काय, घराच्या खर्चाला तिनं बारीक दातांच्या फणीनं विंचरायला घेतलं. चुलीला काडी ओढायची ती दिवसातून एकदाच, पुढं एका जाळावरून दुसरा. नवऱ्याच्या विड्या पाचावरून तीनवर. वर्तमानपत्र बंद, शेजारचं आदल्या दिवशीचं आणायचं. "बातम्या काय नासतात का?" असं तिनं नवऱ्याला विचारलं. चहात साखर अर्धी झाली, मग पाव.

"अगं, ह्या चहाला साखर दाखवली तरी का?" नवरा म्हणाला.

"दाखवली. तीच नको म्हणाली."

बाबा त्यावर ठसका लागेपर्यंत हसले. स्वतःच्या कपातली साखर थोरलीनं केव्हाच बंद केली होती. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

बाजार सहा किलोमीटरवर. मधाच्या बाटल्या घेऊन ती बसनं जायची, आता पायी जायला लागली. चपला हातात घ्यायच्या आणि बाजाराच्या तोंडाशी आल्यावर घालायच्या. चपला झिजतात, पाय झिजत नाहीत, असा तिचा हिशेब. पावसाच्या चिखलानं बोटांच्या बेचक्या सडल्या, उजव्या अंगठ्याचं नख निळं पडून गळालं. एकदा ती दुकानात चहाची अर्धी पुडी मागायला गेली. दुकानदार गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मोठ्यानं म्हणाला, "अर्धी? घे बाई. उद्या पत्ती चिमटीत मोजून देऊ काय?" सगळे हसले. थोरलीही हसली, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत तिचे कान तापलेले होते, आणि त्या तंद्रीत ती चपला काढायलाच विसरली. त्याचीही चुटपुट लागून राहिली.

वाचलेले पैसे ती बाबांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. नाणं पडलं की बाबा मान तिरकी करत.

"आज जड पडलं, पोरी."

"आज मी बसचे दोन्ही वेळचे टाकले, बाबा."

"डोळे आले की पहिल्यांदा तुझे पाय बघणार आहे मी," ते म्हणत. "किती उरलेत ते."

आता साखरेचं. पावसात फूल नसतं, बाहेर पडायला मोकळा दिवस नसतो, म्हणून तेव्हा माश्यांना साखरपाणी द्यावं लागतं. दहा वाट्या पाण्याला दहा वाट्या साखर. दहाला दहा, हे बाबांचं माप, चाळीस वर्षं चालत आलेलं. पाणी कोमट करायचं, साखर विरघळवायची, गार झालं की बाबांनी पहिल्यांदा बोट बुडवून चाखायचं आणि मग ते पेट्यांत जायचं. दर दोन दिवसांनी हा कार्यक्रम. एरवी पंधरा दिवस चालायचा, यंदा महिना उलटला तरी आभाळ फाटलेलंच. कोपऱ्यातलं साखरेचं पोतं खाली खाली चाललं होतं आणि दुकानात साखर रोज नव्या भावानं मिळत होती.

एका सकाळी पोत्यात वाटी घालून थोरली थांबली. नऊ वाट्या झाल्या होत्या. दहावी तिच्या हातात होती. तिला वाटलं, आपण घरातली चार माणसं पाव साखरेवर आलो, कोण मेलं? उलट अंगानं हलके झालो. त्यांचा तर जीवच केवढासा. तिनं दहावी वाटी परत पोत्यात ओतली. ओतताना आवाज होऊ नये म्हणून तिनं वाटी पोत्याच्या कडेला टेकवून तिरकी केली. आवाज कशाला होऊ द्यायचा नव्हता, हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

बाबांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग परत एकदा बुडवून चाखलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "थांबेल ना गं हा लवकर?"

"थांबेल की, बाबा."

"मग घाल."

पुढच्या आठवड्यात आठ. दर दोन दिवसांचं दर तीन दिवसांवर आलं. मग सात. बदल असा बारीक, की कालच्या आणि आजच्यात फरक दिसू नये, रेडिओवरच्या बाईनं शाबासकी द्यावी असा. दर खेपेला बाबा बोट बुडवत, हं म्हणत, आणि पावसाबद्दल काहीतरी विचारत. सहावर आली तेव्हा त्यांनी पावसाबद्दलही विचारलं नाही. नुसतं बोट धोतराला पुसलं.

सासू भाजी निवडायला पोत्याशेजारीच बसायची. एक दिवस म्हणाली, "पोतं बरं पुरलं गं यंदा."

"हो ना," थोरली म्हणाली.

सासूनं तिच्याकडं पाहिलं. हातातल्या देठाचे उगीच दोन तुकडे केले आणि परत खाली मान घातली.

नवरा पेट्या एक एक करून मागून जरा उचलून बघायचा. पेटी उचलली की वजनावरून आत खायला किती आहे ते कळतं. तो आत येऊन डोकं पुसत बसला.

"हलक्या लागतायत," म्हणाला.

"पावसाचे दिवस आहेत," थोरली म्हणाली.

"हां. पावसाचे दिवस आहेत."

तो पुढं काही बोलेल म्हणून ती थांबली होती. तो बोलला असता तर तिनं त्याच क्षणी उठून पोत्यात वाटी घातली असती, असं तिला पुढं शंभर वेळा वाटलं. पण त्यानं विचारलं ते हे, की डब्यात किती जमले. तिनं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. "तुझ्या हातात राज्य द्यायला पाहिजे," म्हणाला. आणि ती सुखावली. खोटं कशाला बोला, सुखावली ती.

पाऊस थांबला त्याच आठवड्यात तारीख होती. थोरली आणि सासू बाबांना घेऊन शहरात गेल्या, नवरा घरी राहिला. दवाखान्यातल्या लांब बाकावर दोघी सासू-सुना एका डब्यातलं खात बसून राहिल्या. सासूनं तिच्या पायाच्या फाटलेल्या अंगठ्यावर स्वतःजवळच्या तेलाची बोटं ओढली. ह्या बाईनं तिला इतक्या वर्षांत कधी असा हात लावला नव्हता. एक डोळा आधी झाला, चार दिवसांनी दुसरा. औषधाबरोबर काळा चष्माही घ्या, असं सांगितलं. थोरलीनं रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले तेव्हा तिच्या मनात आलं, साखरेतून वाचले ते एवढेच असतील. ह्या चष्म्याएवढे. तेव्हा तिला ते चांगलं वाटलं होतं.

घरी आले तर नवरा फाटकातच उभा. दाढी वाढलेली.

"फवारलं त्यानं," म्हणाला.

"कोणी?"

"बागवाल्यानं. पाऊस उघडला त्याच दिवशी पाठीवर पंप घेऊन फिरत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. अठरा पेट्या गेल्या. चार राहिल्यात, त्याही धड नाहीत."

बाबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. सासूनं त्यांचा हात धरून त्यांना पायरी चढवली. पायरी आता त्यांना दिसत होती, तरी त्यांनी हात धरू दिला.

संध्याकाळच्या आत थोरली छपराकडं गेली. नवऱ्यानं मेलेल्या पेट्यांतल्या पोळ्यांच्या चौकटी काढून भिंतीशी लावल्या होत्या आणि वर पोतं टाकलं होतं. तिनं पोतं उचललं.

ह्या घरात ती नवी होती तेव्हा बाबांनी तिला शिकवलं होतं. विषानं मेलेली माशी दारात येऊन पडते, पेटीबाहेर ढीग लागतो. उपाशी मेलेली माशी घर सोडत नाही. शेवटचं काही लागलं असेल म्हणून ती पोळ्याच्या रिकाम्या घरात डोकं खुपसते, जाईल तितकी आत जाते, आणि तशीच राहते. समोरच्या चौकटीवर शेकडो माश्या तशा होत्या. डोकं कुणाचंच दिसत नव्हतं. नुसत्या शेपट्या, ओळीनं, पेरून ठेवल्यासारख्या.

तिनं पोतं परत टाकलं. टाकताना लक्षात आलं की नवऱ्यानं ते चारी बाजूंनी नीट खोचून ठेवलं होतं. ज्यानं चौकटी काढल्या, त्यानं हे पाहिलं नसेल असं कसं होईल? ती आत आली आणि चूल पेटवली. काड्या तीन लागल्या.

दहा दिवस घरात फवारणीचंच बोलणं. कुठलं औषध असेल, किती जहाल असेल. नवरा गावात चार माणसांना सांगून आला. सासू म्हणायची, "शेजारी असून असं करावं माणसानं?" आणि प्रत्येक वेळी म्हणताना थोरलीकडं बघायची नाही. थोरली चहात साखर घालायला लागली, सगळ्यांच्या. कप तळाशी तसेच गोड राहायचे, कुणी नीट संपवतच नव्हतं.

डॉक्टरांनी वाकू नका, धुरात जाऊ नका, असं बजावलं होतं. बाबा ओसरीवर बसून एकेक गोष्ट बघत. पत्र्यावरचा गंज. बायकोचे पांढरे केस. "तू म्हातारी झालीस की," म्हणाले, तर सासू म्हणाली, "तुम्हाला आत्ता दिसलं, मी कधीची बघतेय." एकदा त्यांनी थोरलीला हाक मारली, जवळ उभी केली, चष्मा वर सरकवला.

"अशी दिसतेस होय तू आता," म्हणाले. "गाल कुठं गेले?"

मग त्यांनी खाली पाहिलं. म्हटल्याप्रमाणं पाय बघितले. बराच वेळ बघितले. थोरलीनं उजवा पाय डाव्याच्या मागं घेतला.

अकराव्या दिवशी सकाळी ते काठी न घेता छपराकडं गेले. थोरली धुण्याच्या दगडाजवळ होती, तिथून तिला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी पोतं उचललं. एक चौकट काढून उजेडात धरली. काळा चष्मा काढला, परत धरली. त्यांची पाठ हलली नाही की मान हलली नाही. पिळायला घेतलेला सदरा थोरलीच्या हातात तसाच राहिला आणि पाणी कोपरापर्यंत ओघळत आलं. मग बाबांनी चौकट हातात घेऊनच कुंपणापलीकडं पाहिलं. बागेतल्या झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरे केलेले होते, एकजात.

त्याच वेळी फाटकाची कडी वाजली. बागवाला होता. नवऱ्याच्याच वयाचा माणूस, दोघं बरोबर शाळेत होते. त्याच्या हातात पाकीट होतं. नवरा पुढं झाला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला.

"बोला. आता काय राहिलंय?"

"अरे, तू मला अहो-जाहो करायला लागलास," बागवाला म्हणाला. "मी फवारलं नाही. पंपात चुन्याचं पाणी होतं. बुंध्यांना चुना मारला, बघ तिकडं. दिसतायत का?"

"चुन्याच्या आधी काय होतं पंपात ते कुणी पाहिलंय?"

बागवाल्याचा चेहरा उतरला. "गावात मला माणसं विचारतायत. बायको घराबाहेर पडत नाही," म्हणाला. "तुझ्या माश्या आल्या म्हणून माझ्या झाडाला फळ धरतं, मी त्यांना कशाला मारीन? पण तुझं नुकसान झालंय हे खरं. शेजार तोडून मला जगायचं नाही. ह्यात नऊ पेट्यांचे आहेत. अर्धे. माझ्याकडून चूक झाली असं समज, नाहीतर शेजारधर्म समज. पण हे घे आणि विषय मिटव."

त्यानं पाकीट पुढं केलं. सासू उंबऱ्यात आली होती. तिची नजर पाकिटावर गेली आणि तिथून हलेना. नवऱ्याचा हात उठला. अर्धा उठला आणि थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहिलं, आणि त्या नजरेत थोरलीला स्पष्ट दिसलं, तो विचारत होता. घेऊ का, असं नाही. सांभाळून नेऊ का, असं.

इतके दिवस तो तेच करत होता. तिला वाचवत होता. सगळंच घर तिला वाचवत होतं, आणि त्यापायी एका भल्या माणसाची बायको दाराबाहेर पडत नव्हती. वाचवण्याची सवय तिनंच लावली होती ह्या घराला.

बाबा छपराकडून चालत आले. हातात चौकट होती. ते येऊन थोरलीच्या शेजारी उभे राहिले. चौकटीवरच्या शेपट्यांवर ऊन पडलं होतं.

"दादा, ते पाकीट खिशात ठेवा," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. ओले हात तिनं पोटाशी घट्ट धरले.

"अगं, तू आत जा," नवरा म्हणाला.

"नाही जात. दादा, फवारणीनं नाही गेल्या. उपाशी मेल्या. दहाला दहा साखर घालायची असते, मी कमी करत करत सहावर आणली. दीड महिन्यात. ह्यांना माहीत आहे, आईंना माहीत आहे. पैसे वाचतील म्हणून मी घातली."

सासूनं दाराच्या चौकटीला हात लावला. नवरा खाली बसला, तिथंच अंगणात, ओल्या मातीत.

बाबांनी काळा चष्मा काढला आणि घडी करून मुठीत धरला. उजेडानं त्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तिनं घातली," ते म्हणाले, "आणि मी चाखली होती. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."